निकाल कोणी द्यायचा?

खेळ आला की भांडण आलंच. पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला हे कोणी वेगळं सांगायला नको. मधल्या सुट्टीत लंगडी असो, लगोरी असो, नाहीतर मागच्या बाकावर लपूनछपून चाललेली फुल्ली-गोळा असो, माझ्याकडे येणारी तक्रार ठरलेली असायची. "बाई, हा रडीचा डाव खेळतो!" चौकशी केली की बहुतेक वेळा कळायचं, रडीचा डाव कोणीच खेळलेलं नाही. एकाच्या चाळीत लगोरीचा चेंडू पाठीवरच मारायचा असतो, दुसऱ्याच्या चाळीत कुठेही लागला तरी चालतो. दोघंही आपापला नियम अगदी इमानाने पाळत असतात, आणि म्हणूनच दोघांच्याही डोळ्यांत खरं पाणी असतं.

हा विषय आज निघाला तो आमच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी भरणाऱ्या सभेमुळे. माझा नातू, त्याचे तीन मित्र आणि एक मैत्रीण मिळून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. एक जण कोपरहून येतो, एक मुंब्र्याहून, मुलगी ठाकुर्लीहून, आणि एक आमच्याच दिवा पूर्वेचा, नातवाचा बालवाडीपासूनचा दोस्त. दहा बाय बाराचा हॉल. टीपॉय मधोमध ओढायचा, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांवर माझ्या स्वयंपाकघरातल्या वाट्या पालथ्या घालायच्या, आणि चार-पाच तास कोणी जागचं हलायचं नाही. माझी ड्यूटी पोह्यांची आणि दोनदा चहाची. बाकी मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसते आणि पान उलटायचं विसरते.

पुण्याच्या जाऊबाई आणि बेळगावच्या वन्सं हे वाचतील, त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगते. यात पट असलाच पाहिजे असं नाही, सोंगट्या असल्याच पाहिजेत असंही नाही. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण कथेकरी होतो, त्याला म्हणतात डंजन मास्टर. तो सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात, आतून घोरण्याचा आवाज येतोय. काय करणार?" मग ज्याने त्याने आपण काय करणार ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यावरून मास्टरने पुढची गोष्ट सांगायची. शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक, कीर्तनातलं आख्यान आणि सारीपाट एकत्र कालवल्यासारखं काहीतरी. एकच गोष्ट महिनोन् महिने चालते. आमच्याकडची दीड वर्षं चालू आहे, आणि मास्टर आहे माझा नातू.

आता यात भांडायला काय आहे, असं वाटेल. मलाही पहिल्या रविवारी तसंच वाटलं होतं. दुसऱ्या रविवारपासून कळायला लागलं.

साधं उदाहरण घ्या. फाशावर वीस पडले की पोरं ओरडतात, टाळ्या देतात. वीस म्हणजे काहीही जमलंच, अशी सगळ्यांची पक्की समजूत. पुस्तकात मात्र तसं नाही. शत्रूवर वार करताना वीस पडले तर वार लागतोच. पण भिंत चढायची असेल, राजाला पटवायचं असेल, तर वीस हा फक्त मोठा आकडा. काम त्याहून अवघड असेल तर वीस पडूनही जमणार नाही. पण जगभर इतक्या टेबलांवर इतकी माणसं हा नियम 'चुकीचा' खेळत होती, की 2022 साली कंपनीने नव्या नियमांचा कच्चा मसुदा काढला, त्यात ही लोकांची समजूतच नियम म्हणून घालून पाहिली. मग त्यावरूनही इतकी वादावादी झाली, की ती पुन्हा काढून टाकली! नातवाने हे सांगितलं तेव्हा मला आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांची आठवण झाली. असो.

या खेळाला नियमांचं भांडण जन्मापासूनच चिकटलेलं आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तीन छोट्या पुस्तिका एका डबीत घालून हा खेळ विकायला काढला. पहिल्या छपाईच्या हजार प्रती. पुस्तिका इतक्या त्रोटक, की मधल्या रिकाम्या जागा ज्याच्या त्याने आपल्या अकलेने भरल्या. एका गावात एक खेळ, शेजारच्या गावात दुसरा. पाच वर्षांत वेळ अशी आली, की 1979 पासून त्यांच्या मासिकात नियमांच्या शंकांना उत्तरं देणारं सदरच सुरू झालं. आपल्याकडे पंचांगकर्त्यांना पत्रं जातात ना, एकादशी आज की उद्या, तसंच. आणि उत्तर छापून आलं तरी स्मार्त आणि भागवत उरतातच.

आमच्या हॉलमधलं भांडण मात्र असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

झालं असं. हे लोक खेळतात ते नियम 2014 सालच्या पुस्तकातले. 2024 साली त्याच पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती आली. बालवाडीवाल्या दोस्ताने आपल्या पहिल्या पगारातून ती विकत घेतली. या खेळात आपली पाळी आली की एक मोठं काम करता येतं आणि क्वचित जोडीला एक छोटं. जखमा भरून काढणारं औषध असतं, त्याची कुपी पिणं हे जुन्या पुस्तकात मोठं काम होतं. म्हणजे एक तर औषध प्या, नाहीतर तलवार चालवा. नव्या पुस्तकात ते छोटं काम झालं. म्हणजे औषध पिऊन तलवारही चालवता येते. एवढासा फरक.

हा दोस्त एका बुटक्या योद्ध्याचं सोंग घ्यायचा. दीड वर्षं त्याने तो योद्धा जपला होता. त्याचं गाव, त्याची कुऱ्हाड, त्याची रागीट आत्या, सगळं त्याने वहीत लिहून ठेवलेलं. त्या रविवारी तो योद्धा एकटा एका राक्षसासमोर सापडला, बाकीचे पडलेल्या दगडांच्या पलीकडे. अंगात चार गुणांचा जीव उरलेला. दोस्त म्हणाला, "औषध पितो आणि वार करतो." नातू म्हणाला, "दोन्हीतलं एकच." त्याने नवं पुस्तक उघडून दाखवलं. नातवाने जुनं उघडलं. आवाज चढले. मुंब्र्याचा मुलगा म्हणाला, "दे ना त्याला, काय फरक पडतो?" ठाकुर्लीची मुलगी म्हणाली, "मागच्या महिन्यात माझ्या वेळी नव्हतं दिलं." त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी दोस्त चिडून म्हणाला, "मग वारच करतो!" वार लागला, पण राक्षस मेला नाही. राक्षसाने उलटा फटका दिला, योद्धा पडला. असं पडल्यावर जगण्यासाठी फासे टाकावे लागतात. तीन वेळा दहाच्या खाली आकडा आला की संपलं. तीनदा दहाच्या खालीच आला.

हॉलमध्ये कोणी बोलेना. त्याने फासे पिशवीत भरले, वही दप्तरात घातली, मला वाकून नमस्कार केला, "येतो आजी" म्हणाला आणि निघून गेला. पुढचे तीन रविवार आला नाही. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा मुलगा! भाजी आणायला गेलं तरी दिसायचा, पण नातवाला बघून रस्ता बदलायचा.

एका खोट्या राक्षसावरून वीस वर्षांची मैत्री तुटायची वेळ यावी? सूनबाई म्हणाली, "खेळच बंद करा." मला ते पटलं नाही. का पटलं नाही, ते सांगते.

माझे वडील कोकणात देशी पद्धतीचं बुद्धिबळ खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं, आणि राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची उडी मारायची मुभा होती. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वाटेल ते होत नसे. ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं व्हायचं. आम्ही शाळेत शिकलो ते आंतरराष्ट्रीय नियम. त्यात राजाची उडी गेली आणि किल्लेकोट आला. सुट्टीत घरी गेलं की पहिल्या दहा मिनिटांत पट उधळायची वेळ. वडील म्हणायचे, "हे साहेबाचं बुद्धिबळ झालं." ते काही चुकीचं बोलत नव्हते. हा वाद त्यांच्याही आधीचा आहे. 1814 साली मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्याच्या शीर्षकातच युरोपी पद्धतीला जुळवून घेतल्याचं सांगितलेलं आहे. म्हणजे बुद्धिबळ 'कोणत्या नियमाने' हा प्रश्न आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वीच पडला होता. आणि देशी नियमांवर वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान पुढे साहेबाचे नियम शिकला आणि 1929 साली थेट ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला, हेही ध्यानात ठेवायला हवं. नियम बदलले म्हणून डोकं बदलत नाही.

कबड्डीचं तर आणखी मजेशीर. बाद झालेल्या गड्याने काय करायचं, यावर तीन पंथ होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होऊन परत यायचा. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसायचा, अख्खा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद होऊनही गडी आतच राहायचा, फक्त समोरच्याला गुण मिळायचा. नावं बघा कशी आहेत! मेलेल्याचं काय करायचं हा प्रश्न आमच्या हॉलमध्ये नव्याने आलेला नाही. आणि यातलं कुठलंच खोटं नव्हतं. एकमेकांच्या गावी जाऊन खेळायचं तर एक काहीतरी ठरवणं भाग होतं, म्हणून बसून ठरवलं गेलं. खो-खोचंही तसंच, 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधले.

पण सगळे नियम कुठे पुस्तकात असतात? आपल्या लोकलची चौथी सीट घ्या. बाक तिघांचा, पण चौथ्याला टेकायला जागा द्यायची, हे कोणी शिकवत नाही. तो नियम सगळे पाळतात, आणि त्यावरून भांडणंही रोज होतात. 2016 च्या डिसेंबरात दिव्याला जलद गाड्या थांबायला लागल्या, तेव्हा या न लिहिलेल्या नियमांत दाराशी नवे भिडू आले. आधीचे म्हणायचे, आमची नेहमीची जागा. नवे म्हणायचे, तिकीट आम्हीही काढलंय. दोघांचंही खरं, आणि निकाल द्यायला कोणी नाही. अशा ठिकाणी ज्याचा खांदा मजबूत तो आत. आमची ही पोरं रोज तिथूनच जातात-येतात. त्यांनी रविवारी एका टेबलाभोवती बसून, पुस्तक उघडून, कारणं देऊन भांडावं, याचं मला कौतुकच वाटतं.

भांडण नको तिथे करू नये हे खरंच. पण नियमाचा प्रश्न विचारणारा माणूस गप्प बसवला की काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. 1976 साली रोहिणी खाडिलकर ही तेरा वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत खेळली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की बाईला राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अडवता येणार नाही. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. वर्गातल्या मुलींना ती बातमी मी सांगितल्याचं आठवतं. वरवर तो नियमाचा वाद, पण ठरणार होतं ते हे, की पटासमोर कोणी बसायचं.

आणि फाशांच्या खेळातला सगळ्यांत मोठा नियमाचा वाद तर आपल्या महाभारतात आहे. दुर्योधन म्हणाला, पण मी लावीन, फासे शकुनीमामा टाकेल. युधिष्ठिराने हरकत घेतली, की एकासाठी दुसऱ्याने खेळणं बरोबर नाही. हरकत घेतली आणि तरीही खेळायला बसला! पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. मग द्रौपदीने निरोप पाठवून प्रश्न विचारला, आधी स्वतःला हरलात की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का? काय चोख प्रश्न आहे! मुंब्र्याच्या मुलाला मी हा प्रश्न सांगितला तर तो म्हणाला, "आजी, ही तर पक्की रूल्स लॉयर." नियमांचा कीस काढणाऱ्याला त्यांच्यात असं म्हणतात.

त्या सभेत तिला उत्तर कोणी दिलं? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. द्रोण गप्प. धाकटा विकर्ण तेवढा उठून म्हणाला, की ती जिंकली गेलेली नाही, तर कर्णाने त्याला 'तू लहान आहेस' म्हणून खाली बसवलं. शाळेत हा भाग शिकवताना मला नेहमी वाटायचं, त्या दिवशी प्रश्न विचारण्यात काही वावगं नव्हतं. ज्यांनी निकाल द्यायचा त्यांनी तो दिला नाही, तिथे घात झाला. धर्म सूक्ष्म असतोच. सूक्ष्म आहे म्हणूनच तर पंच लागतो.

म्हणून नातवाला मी म्हटलं, "तू निकाल दिलास हे बरं केलंस. तेवढ्या गलक्यात कोणीतरी द्यायलाच हवा होता. पण मला एवढं सांग, नवं पुस्तक आलं तेव्हा कोणत्या पुस्तकाने खेळायचं हे ठरवलं होतंत का?"

"नाही. जुनंच चालू होतं."

"आणि त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलंस?"

तो काही बोलला नाही. रात्री मात्र गॅलरीत उभा राहून बराच वेळ फोनवर बोलत होता. चौथ्या रविवारी दोस्त आला. त्या दिवशी ते खेळलेच नाहीत. दोन तास नुसते बोलले आणि वहीच्या एका पानावर चार ओळी लिहिल्या. त्या मी इथे माझ्या शब्दांत देते. पहिली, कोणतं पुस्तक ते खेळाआधी ठरवायचं. दुसरी, खेळ चालू असताना हरकत घेणाऱ्याला दोन मिनिटं मिळतील, मध्ये कोणी बोलायचं नाही. तिसरी, त्यानंतर मास्टर देईल तो निकाल त्या वेळेपुरता शेवटचा. चौथी, खेळ संपल्यावर चहाच्या वेळी तो नियम बदलायचा का यावर मत घ्यायचं, आणि बदलला तर पुढच्या खेळापासून.

औषधाच्या कुपीवर मत घेतलं. तीन विरुद्ध दोन. नवा नियम आला. गंमत म्हणजे नातवाने बाजूने मत दिलं आणि ठाकुर्लीच्या मुलीने विरुद्ध. तिचं म्हणणं, "माझ्या वेळचं काय?" तिच्या या प्रश्नालाही उत्तर नाही, आणि ते नाही हे पाचही जणांनी मान्य केलं.

मेलेल्या बुटक्या योद्ध्याचं काय, तर चौथ्या ओळीप्रमाणे तो मेलेलाच राहिला. खेळात संजीवनीचीही सोय आहे म्हणे. पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि मरून दहा दिवस व्हायच्या आत मंत्र म्हणावा लागतो. बाकीच्यांनी आपली चीजवस्तू विकून हिरा आणायची तयारी दाखवली. दोस्त नको म्हणाला. आता तो त्या योद्ध्याच्या रागीट आत्याचं सोंग घेतो, आणि मला विचाराल तर आत्या पुतण्यापेक्षा सरस आहे. तरीसुद्धा अधूनमधून फासा टाकता टाकता तो नातवाला ऐकवतोच, "तेव्हाच दिलं असतंस तर?" नातू ऐकून घेतो. दोघांचं समाधान झालेलं नाही, पण दोघं एका टेबलाशी बसतात.

माझ्या मते नियमांकडून एवढंच मागावं. सगळ्यांना पटेल असा नियम अजून कोणी लिहिलेला नाही, पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या निघोत. पण हरकत घ्यायला जागा असावी, ऐकून घेणारं कोणी असावं, आणि 'धर्म सूक्ष्म आहे' म्हणून मान खाली न घालता निकाल द्यायची कोणाची तरी तयारी असावी. हरलेला माणूस मग चिडतो, रुसतो, पण पुढच्या रविवारी नाही तर चौथ्या रविवारी परत येतो.

असो, फार लांबलं. आता तुमची पाळी. तुमच्याकडे कॅरममध्ये अंगठ्याने मारलेलं चालतं का? आंतरराष्ट्रीय नियमांत चालतं, आमच्या माहेरी मात्र अजून चालत नाही! मेंढीकोटात हुकूम कधी उघडायचा? आणि वाद झाला तर तुमच्या घरी निकाल कोण देतं? जरूर कळवा. वन्सं, तुमचं उत्तर मला माहीत आहे.